यॉर्कमधली कॉफीची दुकानं आणि आमचे सर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या सरांना आठवतो. आई-वडिलांना त्याचं वाईट वाटत नाही, कारण तेही सरांनाच आठवतात. सर तालुक्याच्या शाळेत आम्हाला इंग्रजी आणि भूगोल शिकवायचे. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. दहावी झाल्यावर वडील मला वीटभट्टीवर लावणार होते. तेव्हा सर आमच्या वस्तीत आले, बाजेवर बसले, आईनं दिलेला चहा घेतला आणि वडिलांना म्हणाले, "हा पोरगा मला द्या. भट्टी कुठं पळून जात नाही." वडिलांनी दिला. पुढं मी इंजिनियर झालो, पुण्यात नोकरीला लागलो आणि कंपनीनं मला इंग्लंडमध्ये यॉर्कला पाठवलं. हे सगळं त्या बाजेवरच्या एका वाक्यातून झालं.

सरांचं आणखी एक वाक्य होतं. आमच्या वस्तीतल्या प्रत्येक मुलाला ते पाठ होतं. "शिका. शिकलात तर कुठंही जाऊन बसाल, आणि समोरचा येऊन विचारेल, काय आणू?"

या वाक्यामागं सरांचं लहानपण होतं. त्यांच्या गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेरच्या कोनाड्यात असत. आपला कप आपण काढायचा, बाहेर उभं राहायचं आणि आतल्या माणसाचं लक्ष जायची वाट बघायची. लक्ष गेलं तर तो वरून चहा ओतणार. येऊन विचारायचा प्रश्नच नव्हता. माझ्या वेळेपर्यंत ते कोनाडे गेले होते. पण सरांनी ते पाहिलेले होते, आणि 'काय आणू' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत तेव्हा वर्गातली टवाळ पोरंसुद्धा गप्प बसत.

यॉर्कमध्ये माझी खोली इतकी लहान होती की शनिवारी तिच्यात बसवत नसे. मी जुन्या शहराच्या भिंतीच्या आत फिरायचो आणि कुठल्या तरी कॉफीच्या दुकानात जाऊन सरांना पत्र लिहायचो. मोठ्या कंपन्यांची दुकानं होतीच, पण मला आवडायची ती एकेकट्या मालकाची. प्रत्येकाचा वास वेगळा, खुर्च्या वेगळ्या, कपसुद्धा एकमेकांना न जुळणारे. मिन्स्टरच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, बाजूच्या बोळात एक दुकान होतं. त्याला रस्त्यावर झुकलेली खिडकी होती आणि खिडकीत एक टेबल. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या एक बाई ते चालवायच्या. त्या दुकानाबद्दल मी सरांना लिहिलं होतं, "इथं तुम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारत नाही. एका कपावर सकाळभर बसलं तरी कुणी उठवत नाही. तुम्ही आलात की तुम्हाला याच टेबलावर बसवीन."

आणि सर खरंच आले. त्यांची मुलगी, आमची ताई, लग्नानंतर लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोला राहत होती. तिच्या बाळंतपणानंतर तिनं वडिलांना उन्हाळ्याभरासाठी बोलावून घेतलं. तिनं फोनवर मला सांगितलं, "दादा, बाबा इथं नुसते बोअर होतायत. दिवसभर विमानं मोजतात. तू त्यांना थोडे दिवस घेऊन जा ना प्लीज."

मी स्टेशनवर गेलो. शाळेच्या गॅदरिंगला घालायचे तोच राखाडी सफारी घालून सर डब्यातून उतरले. पाठ तशीच ताठ, प्रार्थनेला उभे राहावेत तशी.

"थंडी आहे रे तुमच्याकडं."

"सर, हा उन्हाळा आहे."

"मग हिवाळ्यात काय करता? पुरून घेता?"

खोलीवर आल्यावर त्यांनी मला त्यांचं खरं काम सांगितलं. निवृत्त झाल्यापासून ते विहारात संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेत. निघताना एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "सर, तुम्ही म्हणता शिकलं की कुठंही बसता येतं. तिथं खरंच तसं आहे का?" सर तिला म्हणाले होते, "मी बघून येतो आणि सांगतो."

"आता बघून जायला पाहिजे," सर मला म्हणाले. "आजवर नुसतं सांगत आलो. बघितलेलं कुठं होतं?"

शनिवारी मी त्यांना एका अरुंद गल्लीतल्या दुकानात नेलं. ते घर कित्येक शतकं जुनं होतं. दार इतकं ठेंगणं की सरांना वाकावं लागलं, आणि वरच्या मजल्याची जमीन एका बाजूला उतरलेली. "इथं पेन्सिल ठेवली तर वर्गाबाहेर जाईल," सर म्हणाले. मी म्हणालो, "सर, तुम्ही बसा. मी आलोच." खाली जाऊन ऑर्डर दिली, पैसे दिले, ट्रे घेऊन वर आलो. सरांनी कॅपुचिनोवरचा फेस चमच्यानं उचलून पाहिला. "साय म्हणावी तर साय नाही. दाढीचा साबण वाटतो." मग सगळा प्यायले.

रविवारी नदीकाठच्या एका दुकानात गेलो. पूर्वी ते गोदाम होतं. मागच्या बाजूला मालक स्वतः कॉफी भाजायचा आणि भिंतीला गोण्या लावून ठेवलेल्या असायच्या. त्यांच्यावरची मुलखांची नावं वाचून सर थांबलेच. इथिओपिया, ग्वाटेमाला, सुमात्रा. त्यांनी हातानंच हवेत विषुववृत्त काढलं आणि मला वर्गातल्यासारखं विचारलं, "ह्या सगळ्या मुलखांत काय सारखं आहे, सांग." मी सांगितलं. भाजणाऱ्यानं मान वर करून पाहिलं, आणि मग तो आणि सर बराच वेळ पावसाबद्दल आणि डोंगरउतारांबद्दल बोलत बसले. सरांचं इंग्रजी पुस्तकातलं, त्याचं यॉर्कशरचं. दोघांना एकमेकांचं अर्धंच कळत असावं, पण दोघं खूश होते. मी तेवढ्यात जाऊन दोन कप घेऊन आलो.

बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "पोरांना सांगायला चांगलं आहे हे."

सोमवारी मला ऑफिस होतं. मी सरांना नकाशा दिला, बोळातल्या त्या दुकानाभोवती गोल केला. "खिडकीतल्या टेबलावर जाऊन बसा सर. मी तिथूनच तुम्हाला पत्रं लिहायचो."

संध्याकाळी परत आलो तर सरांची बॅग भरून दाराशी ठेवलेली.

"उद्या सकाळच्या गाडीनं जातो म्हणतो," ते म्हणाले. "बाळाची आठवण येते."

त्यांचं गुरुवारपर्यंत राहायचं ठरलं होतं. "दुकानात गेला होतात का सर? कॉफी कशी वाटली?"

"मिन्स्टर बघितलं. मोठं आहे."

त्यांनी दिलेलं हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. वर्गात आम्ही असं उत्तर दिलं असतं तर त्यांनी खडू फेकून मारला असता. उजेड भरपूर होता, म्हणून म्हटलं, भिंतीवरून चालून येऊ. यॉर्कच्या जुन्या तटबंदीवर माणसं फिरतात. एका बाजूला चर्चचे मनोरे, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसबागा, दोरीवर वाळत घातलेले कपडे. बरंच अंतर आम्ही चाललो. मग एका बाकावर सर बसले.

"सर, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "गेलो होतो मी त्या दुकानात. दार ढकललं, बाई माझ्याकडं बघून हसली. तू सांगितलंस तसा खिडकीत बसलो. बसलो ते बसलोच. माझ्यामागून एक म्हातारा आला, ओळखीचा असल्यासारखा तिच्याशी बोलला, त्याला मिळालं. दोन पोरी आल्या, त्यांना मिळालं. कुत्रं घेऊन एक बाई आली, कुत्र्याला पाणीसुद्धा मिळालं. माझ्याकडं कुणी आलं नाही."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण सरांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"हसतोस कशाला?"

"सर, तिथं कुणीच येत नाही. कुणाहीकडं येत नाही. आपण काउंटरवर जायचं, रांगेत उभं राहायचं, काय हवं ते सांगायचं, तिथंच पैसे द्यायचे. मग बसायचं. सगळ्यांनी तसंच करायचं असतं."

"म्हणजे त्या बाईनं मला टाळलं नाही?"

"नाही सर. तिला वाटलं असेल, तुम्ही कुणाची तरी वाट बघताय."

"वाट तर बघतच होतो."

यानंतर माझं हसू पूर्ण गेलं. सर त्या खिडकीत बसून कशाची वाट बघत होते, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. साऱ्या वस्तीला पाठ असलेल्या त्या दोन शब्दांची.

"मग शनिवारी, रविवारी तू उठून जात होतास ते?"

"ऑर्डर द्यायलाच जात होतो. तुम्हाला कसं उठवणार सर? मी असताना तुम्ही रांगेत उभं राहायचं?"

"मला वाटलं, पोरगा मानानं स्वतः घेऊन येतोय. आणणारा माणूस असेल, पण हा त्याला येऊ देत नाही."

"मानानंच आणत होतो सर."

"तुझ्या मानानं माझा घात केला की रे," सर म्हणाले, आणि मी घरी आल्यापासून पहिल्यांदा थोडे हसले. ते हसू टिकलं नाही. "तुला सांगतो, मला तिथं राग आला नाही. राग आला असता तर बरं होतं, भांडलो असतो. मी एकदम लहान झालो. त्या कोनाड्यापाशी उभा असायचो तेवढा. आणि मनात आलं, इतकी वर्षं पोरांना खोटं सांगितलं. आता त्या मुलीला जाऊन काय सांगू? बॅग भरली ती त्यासाठी. मला वाटलं, जास्त बघूच नये."

खालच्या परसात एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती. सर तिच्याकडं बघत म्हणाले, "आता खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको. इथं तुला कुणी काही म्हणत नाही?"

मी खरं सांगितलं. बस भरलेली असली तरी कधीकधी माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. एकदा गाडीतून जाताना पोरांनी काहीतरी ओरडून म्हटलं होतं, ते मी पत्रात लिहिलं नव्हतं. ऑफिसात मात्र सगळे नीट वागतात. आणि कॉफीच्या दुकानात आजवर कुणी तसं वागलेलं नाही.

सरांनी मान हलवली. पेपर तपासताना उत्तर पूर्ण बरोबर नाही पण लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे लिहिलंय असं वाटलं की ते अशीच मान हलवायचे.

"ते दुकान सकाळी किती वाजता उघडतं? गाडीच्या आधी?"

"उघडतं. मी येतो बरोबर."

"ये. पण बाहेर थांब."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला उशिरा येतो असं कळवलं आणि त्यांची बॅग घेऊन बोळात समोरच्या बाजूला उभा राहिलो. हवा उबदार होती, बाईंनी दार उघडं ठेवून त्याला लाकडी खोकं लावलं होतं. बोळ अरुंद, त्यामुळं आतलं ऐकू येत होतं. कामावर जाणाऱ्यांची रांग होती. सर रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, हात मागं बांधून.

त्यांची पाळी आली. त्यांनी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून कॉफी मागितली. बाईंनी विचारलं, इथंच घेणार की बाहेर नेणार? ते त्यांनी इतक्या भरभर विचारलं की सरांना कळलं नसावं. ते म्हणाले, "येस, प्लीज." बाईंनी कागदी कपात कॉफी भरली, झाकण लावलं आणि पुढं ठेवली.

मला गावाकडचे कप आठवले. आमच्या भागात काही हॉटेलांनी त्या सुमारास नवीनच सुरू केलं होतं. इतरांना काचेचे ग्लास, आमच्या लोकांना फेकून द्यायचे प्लॅस्टिकचे कप. विचारलं तर म्हणायचे, स्वच्छतेसाठी. सर त्यावरून एका हॉटेलवाल्याशी भांडले होते, हे मला ठाऊक होतं.

सर तो कप हातात धरून बाजूला झाले. त्यांच्यामागच्या टाय लावलेल्या माणसालाही कागदी कपच मिळाला. ते त्यांनी पाहिलं की नाही, मला कळलं नाही. मी आत जायला एक पाऊल टाकलं आणि थांबलो, कारण त्यांनी थांब म्हटलं होतं. तेवढ्यात सर वळले आणि काउंटरपाशी परत गेले.

"मॅडम, आय विल सिट."

बाईंनी वर पाहिलं. "ऑफ कोर्स यू कॅन, लव्ह," त्या म्हणाल्या (तिकडं बायका कुणालाही 'लव्ह' म्हणतात), स्वतःच्या कपाळावर हात मारला, मांडणीवरून एक पांढरा कप आणि बशी काढली आणि कॉफी त्यात ओतली. ओतताना फेस सगळा मोडला. सर तिथंच उभे राहून बघत होते. मग दोन्ही हातांनी बशी धरून, एक थेंब न सांडता, ते खिडकीतल्या टेबलापर्यंत आले आणि बसले.

काचेतून त्यांनी मला पाहिलं. वर्गात फळ्यापाशी बोलवायचे तसं एक बोट वाकवून बोलावलं. मी आत गेलो, बॅग ठेवली आणि सवयीनं काउंटरकडं वळलो.

"बस," सर म्हणाले.

"सर, मी घेऊन येतो ना, माझं मी—"

"बस म्हणतोय ना." मी बसलो. सर उठून उभे राहिले. "काय आणू?"

कसाबसा म्हणालो, "काहीही चालेल सर."

"काहीही नावाचं तिथं काही मिळत नाही. पाटी वाच आणि नीट सांग."

मी पाटी वाचली आणि सांगितलं. सर पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांची ती राखाडी पाठ बघत मी बसून राहिलो. गुरुजनांना उभं ठेवून बसायचं नाही हे मला त्यांनीच शिकवलेलं, आणि आता त्यांनीच बसवलेलं. चर्चच्या घंटा सुरू झाल्या, त्यामुळं मला डोळे पुसायला आणि नाक शिंकरायला सवड मिळाली.

गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवर सर म्हणाले, "ते वाक्य बदलावं लागेल. कुठं बदलायचं ते अजून दिसत नाही."

त्या उन्हाळ्याच्या शेवटी ते घरी परत गेले. ते तिथं पोचल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं, ते असं:

आदरणीय सरांना सादर वंदन.

तुम्ही सुखरूप पोचलात असं ताईकडून कळलं. आज शनिवार आहे आणि मी खिडकीतल्याच टेबलावर बसून लिहितो आहे.

मागच्या वेळी आलो तेव्हा बाईंनी तुमची चौकशी केली. ते ताठ बसणारे गृहस्थ कोण होते, असं विचारलं. मी सांगितलं, माझे शिक्षक. मग त्यांना त्या सोमवारचंही सांगितलं. कोनाड्याचं सांगायला माझं इंग्रजी पुरलं नाही, पण तुम्ही वाट बघत बसला होतात आणि तसेच उठून गेलात एवढं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी पाहिलं होतं त्यांना, जाऊन विचारायला हवं होतं. आज आलो तर दाराशी लहान पाटी दिसली, ऑर्डर काउंटरवर द्यावी म्हणून. अक्षर बरं नाही. तुम्ही पुन्हा लिहायला लावलं असतं.

सर, त्या दिवशी तुम्ही उभे होतात आणि मी बसलेला होतो. तेवढा वेळ बसून राहणं मला फार जड गेलं. तुम्ही आम्हाला सांगायचात की कुणीतरी येऊन विचारेल. मला ते विचारणारे तुम्ही असाल, असं मला कधी वाटलं नव्हतं. हे समोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

विहारातल्या त्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत ते कळवा. वाक्य कुठं बदलायचं ते तुम्हीच ठरवाल. माझी एवढीच विनंती आहे की कागदी कपाचा भाग गाळू नका. आणि बसमधल्या रिकाम्या जागेचाही गाळू नका. तुम्ही परत काउंटरपाशी गेलात हे सांगायचं तर ते दोन्ही सांगावं लागेल.

पुढच्या उन्हाळ्यात वडील इकडं यायचं म्हणत आहेत. त्यांना पहिल्याच दिवशी रांगेत उभं करणार आहे. ते चिडतील, मुलगा असताना बापानं का उठायचं म्हणतील. तेव्हा तुमचं नाव पुढं करीन. मग ते काही बोलणार नाहीत.

ताई म्हणत होती ते डोळ्यांचं ऑपरेशन लांबवू नका.

तुमचा विद्यार्थी